शेवटचे दोन खळगे

"बाहेरच्या ओळी सोडून द्यायच्या," नव्या बाई म्हणाल्या. "चारही कडांना नुसतं पाणी घालायचं. नमुने फक्त आतल्या खळग्यांत."

माझ्या हातात पिपेट होती आणि सवयीने मी पहिल्याच खळग्याशी पोहोचले होते. समोर नेहमीची प्लेट. तळहाताएवढी प्लास्टिकची ताटली, तिच्यात करंगळीचं टोकही धड मावणार नाही असे शहाण्णव खळगे. एकतीस वर्षं मी अशा ताटल्या भरत आले होते आणि एकीचीही कड कधी रिकामी सोडली नव्हती. जागा वाया घालवणं माझ्या स्वभावात नाही. निवृत्तीला दोन महिने उरलेले, नव्या बाई लॅबच्या प्रमुख होऊन येऊन तीन आठवडे झालेले. नवी विटी, नवं राज्य. मी जरा खोचकपणेच विचारलं, की कडांनी काय पाप केलंय.

बाईंना राग आला नाही. त्यांनी नीट समजावून सांगितलं. प्लेट इन्क्युबेटरच्या उबेत ठेवली की कडेचे खळगे आधी तापतात आणि आधी सुकतात. मग तिथला रंग उगाचच गडद येतो आणि रंगावरून काढलेला आकडा चढतो. जे नाही ते आहे असं दिसतं.

"आणि कोपऱ्यातले तर सगळ्यात खोटारडे," बाई हसत म्हणाल्या. "तुमच्या त्या जुन्या इन्क्युबेटरमध्ये काय होत असेल, विचारूच नका."

मी हसले नाही. पिपेट स्टँडला लावली, जरा पाणी पिऊन येते म्हणाले आणि मागच्या सामानाच्या खोलीत जाऊन एका उलट्या खोक्यावर बसले. एकतीस वर्षांतल्या हजारो ताटल्यांपैकी मला एकच आठवत होती. तिच्या कोपऱ्यातले शेवटचे दोन खळगे आठवत होते, आणि त्या दोन खळग्यांत माझ्या नवऱ्याच्या पाठीतलं पाणी होतं.

आमच्या लॅबचं काम सांगायला सोपं आहे. मल्टिपल स्क्लेरोसिस नावाचा एक आजार असतो. त्यात शरीराचं रक्षण करणारी अँटिबॉडी नावाची द्रव्यं आपल्याच मज्जातंतूंवर उलटतात आणि त्यांच्यावरचं आवरण खातात. माणसाला कधी दोन-दोन दिसायला लागतं, कधी पाय ऐकत नाही, कधी हातातला पेला सुटतो. अशा लोकांच्या पाठीच्या मणक्यातलं पाणी सुईने काढायचं आणि त्यात या उलटलेल्या अँटिबॉडी किती आहेत ते मोजायचं. मी नोकरीला लागले तेव्हा ही सगळी गोष्ट यांना समजावून सांगितली होती. हे टेलिफोन खात्यात लाइनमन. दोन मिनिटं विचार करून म्हणाले, "म्हणजे रबर गेलेली केबल. आवाज जातो, पण खरखरत जातो." पुढे कितीतरी मोठमोठ्या लोकांची भाषणं ऐकली, पण इतकं नेमकं कुणी बोललं नाही.

तेव्हा लॅब म्हणजे एक लांब खोली, तीन उंच स्टुलं आणि एक मोठी खिडकी. आमचे सर उंच, किंचित वाकलेले, खिशाला कायम शाईचा डाग. ते प्रत्येक नळी माझ्या हातात देण्याआधी खिडकीशी धरून बघायचे. आतलं पाणी इतकं नितळ असायचं, की नळी रिकामी वाटायची. सर म्हणायचे, "हे काढताना माणूस आपल्याकडे पाठ करतो. समोर काय चाललंय ते त्याला दिसत नाही. तेव्हा जपून." चहा बाहेरच्या जिन्यावर बसून प्यायचा, आत नाही, हा त्यांचा नियम. त्यामुळे त्या जिन्याच्या चौथ्या पायरीवर माझं निम्मं तरुणपण गेलं. आकडे कागदाच्या रिळावर छापून यायचे, करकर आवाज करत. तो आवाज ऐकू आला की सर हातातलं काम टाकून यायचे, शाळेचा निकाल लागल्यासारखे.

सरांचं पहिलं कलम होतं, की नळीला नाव नसतं. नळीला नंबर. नाव आणि नंबर यांची जोडी एका वहीत, ती वही सरांच्या कपाटात आणि नंबर चिकटवायचे ते ऑफिसातल्या कारकुनाने. मोजणाऱ्याला माणूस माहीत असता कामा नये. माहीत असला, की हात हलतो.

त्या वर्षी आम्हाला निरोगी माणसांचं पाणी हवं होतं, तुलनेसाठी. चाळीस जणांचं. आता धडधाकट माणूस पाठीत सुई कशाला टोचून घेईल? मग सरांनी युक्ती काढली. कमरेखालच्या ऑपरेशनला पाठीतच भूल देतात. सुई तशीही आत जातेच, तेव्हा औषध सोडण्याआधी अर्धा चमचा पाणी नळीत धरून घ्यायचं. माणसाची लेखी परवानगी घ्यायची आणि हात जोडायचे. असे करत करत एकोणचाळीस जमले आणि गाडी अडली.

त्याच सुमारास केबलचं रीळ उचलताना यांना हर्निया झाला. मी लगेच कामाला लागले. दोन दिवस भुणभुण केली. शेवटी हे म्हणाले, "घे बाई, काय हवं ते घे. वापरून झालं की परत कर म्हणजे झालं." त्या दिवशी कारकून रजेवर होता. सर गडबडीत होते, म्हणाले, तूच नंबर चिकटव. मी हौसेने चिकटवला. चाळीस. तेव्हाच 'मला नको, दुसऱ्या कुणाला सांगा' म्हणायला हवं होतं. पण आपल्या नवऱ्याने शास्त्राला हातभार लावला, या आनंदात मी होते.

प्लेट भरतानाही तोच आनंद नडला. आमच्या घरी वाढायची रीत अशी, की पाहुणे आधी, घरचे मागाहून, आणि वाढणारीचं आपलं माणूस सगळ्यात शेवटी. त्याच न्यायाने मी परक्यांना आधी घातलं आणि यांना शेवटचे दोन खळगे दिले. खालचा उजवा कोपरा. प्रत्येक नमुना दोन खळग्यांत घालायचा असतो, म्हणून दोन.

निरोगी माणसाचा आकडा आमच्या मोजमापात वीसच्या आत यायचा. एकोणचाळीस लोक वीसच्या आत आले. चाळीस नंबर एकसष्ट.

मी पुन्हा प्लेट लावली. अठ्ठावन्न. तिसऱ्यांदा लावली. चौसष्ट. तिन्ही वेळा तक्ता तोच, जागा तीच. तुलना खरी व्हायची तर एक काडीही इकडची तिकडे हलवायची नाही, हे मी स्वतःला घोटून शिकवलेलं. माझ्या चोखपणानेच माझा घात केला. चाळीस जण दोन प्लेटमध्ये वाटलेले, बाकीचे निरोगी सगळे आतल्या खळग्यांत, आणि बाकीच्या कडांना होते आजारी लोक. त्यांचे आकडे चढे आले तर चकित कोण होणार?

मी सरांकडे गेले. नाव घेतलं नाही. म्हटलं, "एक निरोगी नमुना फार वर येतोय. काढून टाकू का?" सर म्हणाले, नावडता आकडा फेकायचा नसतो, राहू दे. एखादा असा निघतोच. आकडा म्हणजे आजार नव्हे. मी दाराशी जाऊन परत आले आणि विचारलं, "पण सर, त्या माणसाला पुढे कधी तो आजार होऊ शकतो का?"

सरांनी चष्मा काढून पुसला. "सांगता येत नाही," म्हणाले.

सर खरं तेच बोलले. पण ते तीन शब्द घेऊन मी घरी आले आणि त्या शब्दांनी माझ्या घरात बिऱ्हाड केलं.

त्या वेळी हे सदतीस वर्षांचे. अंगाने काटक, खांबावर असे चढायचे, की बघणाऱ्याला वाटावं वरून कुणीतरी ओढतंय. खात्यात त्यांना 'खार' म्हणायचे. ऑफिसातून निरोप यायचा तोही "खार आहे का घरी?" असाच. वादळ झालं की दोन-दोन दिवस घरी नाहीत. आले की हातांना तांब्याचा वास आणि तोंडात कुठल्या गल्लीतल्या कुणाचा फोन कसा जिवंत झाला याच्या गोष्टी. एका म्हाताऱ्या बाईंची लाइन जोडून दिली, तर त्यांनी पहिला फोन बहिणीला लावला आणि दोघी नुसत्या रडल्या, एक शब्द बोलल्या नाहीत; हे खांबावरून सगळं ऐकत होते. असल्या गोष्टी सांगताना हे जेवायचे विसरत.

आणि मी त्यांचे पाय बघत असे. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तो मी पाळलाच होता. हे जिना उतरले, की मी पावलं मोजायची. शर्टाचं बटण लावायला वेळ लागला, की माझ्या हातातलं काम थांबायचं. सुईत दोरा ओवून द्या म्हणायची, दिसत नाही म्हणून. मला स्वच्छ दिसायचं. यांच्या बोटांना कंप आहे का ते बघायचं असायचं. एकदा बराच वेळ मांडी घालून बसल्यावर "पायाला मुंग्या आल्या" म्हणाले, तर मी न्हाणीघरात जाऊन रडले.

तरी मी गप्प राहिले असते. पण आमच्याकडे एक बसड्रायव्हर यायचे. पहिल्यांदा आले तेव्हा स्वतःच्या पायांनी, विनोद करत. पाणी काढून झाल्यावर मला म्हणाले, "ताई, इंजिन ऑइल कसं आहे ते बघून सांगा." वर्षाने आले तेव्हा हातात काठी आणि काखेत भावाचा हात. तिसऱ्यांदा चाकाच्या खुर्चीत. तेव्हाही हसले. म्हणाले, "माझ्यापेक्षा माझी बस बरी. तिला निदान गॅरेज आहे." मी त्यांचे कागद घेतले आणि जिन्याच्या चौथ्या पायरीवर जाऊन बसले. डोळ्यांपुढे ते नव्हतेच. वीस फुटांवर पट्ट्याने लटकलेले हे होते, आणि एकाएकी पाय ऐकेनासा झालेला.

त्या आठवड्यात मी यांना सांगितलं, की खांब सोडा. ऑफिसातलं काम मागून घ्या. कारण विचारलं, तर म्हटलं मला सोसत नाही, जीव टांगणीला लागतो. हे म्हणाले, अगं पंधरा वर्षं चढतोय, आजच काय झालं? मी म्हटलं, आजच झालं. खरं सांगायला तोंड उघडेना. तेव्हा त्या आजारावर औषध म्हणावं असं काही नव्हतं. सांगून काय करायचं, तर माणसाच्या डोक्यावर आयुष्यभराची टांगती तलवार ठेवायची. ती मी माझ्याच डोक्यावर घेतली. निदान मला तसं वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी अर्ज दिला. त्यांना तक्रार नोंदवायच्या टेबलावर बसवलं. समोर फोन, कानाला हेडफोन. "नंबर सांगा. कधीपासून बंद आहे? बरं, माणूस पाठवतो." तेवीस वर्षं हेच. पहिल्या दिवशी घरी आल्यावर मी विचारलं, कसं होतं. म्हणाले, "उंटावरून शेळ्या हाकायच्या. बाकी ठीक." हळूहळू पोट सुटलं. हातांचा तांब्याचा वास गेला. नवी पोरं खात्यात आली, त्यांना हे 'साहेब' झाले. खार म्हणणारे एकेक करून निवृत्त झाले. गोष्टी मात्र त्याच दिवशी बंद झाल्या. टेबलावरून काही दिसत नाही, मग सांगणार काय?

मी मनात म्हणायची, असू दे. पाय जमिनीवर आहेत ना.

तर खोक्यावरून उठून मी परत आत गेले आणि जुन्या वह्या काढल्या. माझंच अक्षर, माझेच तक्ते. तिन्ही प्लेट, तोच कोपरा. फ्रीजरमध्ये त्या वर्षाच्या नळ्या अजून होत्या. पुढच्या महिन्यात फेकायच्या होत्या. चाळीस नंबरच्या तळाशी थोडं पाणी शिल्लक होतं. मी बाईंना म्हटलं, एक जुनी शंका आहे, फेकण्याआधी मोजून बघू का? त्यांनी खुशाल बघा म्हटलं. त्यांनीच मोजलं असतं तर बरं झालं असतं. मला हा नंबर कुणाचा ते माहीत होतं. पण दुसऱ्याच्या हातात ती नळी देववेना.

चाळीस नंबर अगदी मधल्या खळग्यांत घातला. शेजारी त्याच वर्षाचे दोन निरोगी नमुने आणि चार आजारी लोकांचे. इतकी वर्षं गोठून पाणीच बाद झालं असेल तर त्या चौघांचे आकडेही पडले असते. ते पडले नाहीत. सत्तर, पंचावन्न, त्र्याऐंशी, एकोणपन्नास. दोन निरोगी, अकरा आणि चौदा.

चाळीस नंबर बारा.

आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल, पण तो कुठे तळाशी राहिला. मी स्टुलावर बसून त्या बाराकडे बघत राहिले आणि मला यांचा तो अर्ज आठवला. एका वाक्याचा होता. "घरगुती कारणास्तव."

झाकली मूठ सव्वा लाखाची. हे सहासष्ट वर्षांचे, तब्येत ठणठणीत, निवृत्त होऊन सहा वर्षं झालेली. आता उकरून काय मिळणार? दोन दिवस मी मूठ झाकून ठेवली. पण हे समोर बसून जेवायचे आणि मला घास जाईना. आधी भीतीने जायचा नाही, आता शरमेने. रविवारी दुपारी हे गॅलरीत शेजाऱ्यांचा बंद पडलेला रेडिओ उघडून बसले होते. मी खुर्ची ओढून बसले.

"अहो, तुम्हाला खांब सोडायला का लावला, ते सांगायचंय."

त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर बाजूला ठेवला. मी सगळं सांगितलं. नळी, नंबर, एकसष्ट, सर, बसड्रायव्हर. वर्तमानपत्राच्या समासात प्लेट काढून दाखवली, कोपऱ्यातले दोन खळगे पेनाने काळे केले. नंतर मधले दोन काळे केले आणि त्यांच्याशेजारी बारा लिहिलं. हे मान खाली घालून बघत होते. लाइनमनला बिघाड समजावून सांगावा लागत नाही.

"म्हणजे बिघाड लाइनमध्ये नव्हता," हे म्हणाले. "मीटरमध्ये होता."

"हो."

"आणि तू मीटर तपासला नाहीस."

"तीनदा तपासला. पण एकाच जागेवर."

रेडिओचे सुटे भाग कागदावर मांडले होते, ते त्यांनी एका रेषेत लावले, मग पुन्हा विस्कटले. मी वाट बघत होते, की आता ओरडतील. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

"मला वाटलं होतं, तुला माझी लाज वाटते," हे म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनीच सांगितलं. सरांच्या घरी एकदा सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं, तेव्हा कुणा डॉक्टरांच्या बायकोने मला विचारलं, तुमचे मिस्टर काय करतात. मी म्हटलं, टेलिफोन ऑफिसात असतात. हे मागेच उभे होते. लाइनमन असं मी म्हटलं नाही. आणि पुढच्याच आठवड्यात मी म्हणाले, खांब सोडा, ऑफिसातलं काम मागून घ्या.

"मी आपलं दोन अधिक दोन केलं," हे म्हणाले. "म्हटलं, बायको डॉक्टर लोकांत वावरते. तिला खांबावर चढणारा नवरा बरा दिसत नसेल. चुकीचं काही नाही त्यात. म्हणून अर्ज दिला."

मला ते जेवण आठवत होतं. ते वाक्य आठवत नव्हतं. मी ते सहज म्हटलं असेल, काही न योजता. पण कसं पटवणार?

"एकोणतीस वर्षं तुम्ही हे मनात ठेवलंत?"

"रोज नाही गं. अधूनमधून."

मला रडू आलं, आणि मी ते आवरलं नाही. म्हटलं, "लाज नव्हती हो. भीती होती. नुसती भीती."

"मग मला सांगायचं होतंस," हे म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण डोळे लाल झाले होते. "दोघं मिळून भ्यायलो असतो."

त्यांनी रेडिओचं झाकण तसंच ठेवून दिलं आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. मी गॅलरीत बसून राहिले. मी त्यांच्या पावलांवर पाळत ठेवत होते, तेव्हा ते माझ्या तोंडाकडे बघत असतील, हिला अजूनही लाज वाटते का ते शोधत. एकाच घरात, एकाच ताटाशी बसून आम्ही दोघं एकमेकांची तपासणी करत होतो आणि दोघांचेही निकाल चुकीचे होते. संध्याकाळी त्यांनीच चहा केला, माझ्यापुढे ठेवला, पण बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशीही हो-नाही इतकंच. मी माफी मागितली, तर म्हणाले, "राहू दे आता." राहू दे म्हणजे माफ केलं असं नव्हे, एवढं मला कळतं.

मंगळवारी सकाळी हे तयार होऊन दारात उभे राहिले. "चल जरा," म्हणाले. मी चपला घातल्या आणि निघाले.

आता तारा सगळ्या जमिनीखालून गेल्या आहेत. खांब काढून नेले. आमच्या जुन्या क्वार्टर्सच्या मागे, शाळेच्या कुंपणाला लागून, एक तेवढा राहिला आहे. कुणाला तो आठवलाच नसावा. त्यावर एक फाटकी जाहिरात चिकटवलेली, बुंध्याशी गवत. हे त्याच्याजवळ गेले, तळवा टेकवला आणि तसेच उभे राहिले. ओळखीच्या माणसाच्या खांद्यावर ठेवावा तसा हात. मग एक पाऊल उचलून कसं टेकवायचं ते मला दाखवलं. वर पोहोचलं की आधी पट्टा अडकवायचा, ओढून बघायचा आणि मगच दोन्ही हात सोडायचे. तो पहिला क्षण, म्हणाले, पंधरा वर्षांत कधी शिळा झाला नाही.

मी विचारलं, वरून काय दिसायचं? लग्नाला चाळीस वर्षं होत आली, पण हे मी कधी विचारलं नव्हतं.

ते सांगू लागले. त्या बाजूला रेल्वेचं वर्कशॉप, त्याच्या पत्र्यांवर सकाळचं ऊन. पलीकडे तळं, उन्हाळ्यात आटून निम्मं झालेलं. शाळेच्या पटांगणात पोरं रांगेत उभी, आणि वरून बघितलं की प्रत्येक रांगेत एक तरी वाकडा. जुन्या दवाखान्यात एक कंपाउंडर छपरावर जाऊन गुपचूप विडी ओढायचा, तो यांना बघून सलाम करायचा. कितीतरी वर्षांनी त्यांच्या आवाजात ती जेवण विसरायला लावणारी गोडी आली होती.

"आणि आपली गच्ची दिसायची," हे म्हणाले. "सकाळी लॅबला जाण्याआधी तू कपडे वाळत घालायला यायचीस. सारखी घाईत. या खांबावर काम असलं की मी हात करायचो."

"मला?"

"तुलाच. तू कधी वर बघितलं नाहीस. मला वाटायचं, मुद्दामच बघत नाहीस."

मी मान वर केली. खांबाच्या टोकाला आडवी पट्टी होती, तिच्यावर तार बांधायचे चिनी मातीचे दोन पांढरे कप. तार नव्हती. वर नुसतं आकाश. मी बघत राहिले, मान दुखेपर्यंत.

"आता काय बघतेस?" हे म्हणाले आणि माझ्या कोपराला धरून वळले. "चल, दूध घ्यायचंय."